रशीदभाईंचे कंडेन्सर

दि. ४ नोव्हेंबर, मंगळवार

मी, नारायण किसन वानखडे, वय ७७ वर्षे, शिक्षण चौथी उत्तीर्ण, लाऊडस्पीकर दुरुस्तीचा अनुभव एकावन्न वर्षे, राहणार अमरावती, लिहून ठेवतो की घरच्या दोन्ही बॉक्समधून भजनातील टाळ ऐकू येत नाहीत. मृदंग व गळा ठीक. बारीक आवाज ट्वीटरकडे, म्हणजे वरच्या छोट्या स्पीकरकडे, पाठविणारा कंडेन्सर वाळला, हे उघड आहे. जुन्या रीतीने दहा मायक्रोफॅरडचे दोन घेऊन, मायनसला मायनस जोडून, पाचाचा एक केला. दोन्ही बॉक्सना. फरक शून्य.

दि. ७, शुक्रवार

रशीदभाईंनी (यापुढे र. भा.) अकोल्याहून एस.टी.ने नवीन, प्लॅस्टिक फिल्मचे कंडेन्सर पाठविले, ४.७ चे. र. भा. माझे तीस वर्षांचे भागीदार. आता तेथे त्यांचे स्वतंत्र दुकान. सोल्डरिंग स्वच्छ केले. टाळ नाहीत. फोन केला. "भाऊ, साऱ्या गिऱ्हाइकाले हेच घालून देऊन राहिलो मी. तुमालेच काहून तक्रार?" हे उत्तर मला आवडले नाही.

दि. ९, रविवार

४.७ काढून ६.८ घातला, म्हणजे ट्वीटरला जोर जास्त. असे करू नये, ट्वीटर जळतो, हे र. भां.ना मीच शिकविले होते. तरी घातला.

सून वैशाली स्वयंपाकघरातून येऊन आवाज कमी करून गेली. "बाबा, कानात सुया टोचून राहिल्या." तिला आवाजातील काही कळत नाही, असे तिला स्पष्ट सांगितले. बरं, म्हणाली.

दि. १०, सोमवार

र. भां.ना पत्र. आपण पाठविलेला माल खोटा आहे. तीस वर्षांच्या सोबतीनंतर आपणाकडून ही अपेक्षा नव्हती. कंडेन्सर सोबत परत. वैशाली म्हणाली, पोस्टात टाकू नका, रागात लिहिलंय. अक्षर नीट आहे, राग कोठे आहे? टाकले.

दि. १५, शनिवार

र. भा. स्वतः आले. सदऱ्याच्या खिशात माझे पत्र. चहा नाकारला. मीटर काढून, मी परत पाठविलेले कंडेन्सर मोजले. बरोबर. मी म्हणालो, मीटर तुमचे. मग माझ्या मीटरवर मोजले. तेच.

त्यांनी ते बसविले, मोठ्या स्पीकरची तार सोडली, केवळ ट्वीटर ठेवला. भजन लावले. मी जाळीस कान टेकविला. काही नाही. पाहा, म्हणालो. र. भां.नी वैशालीकडे पाहिले.

दारावर भाजी घेऊन येणाऱ्या शांताबाई तेवढ्यात आल्या. वैशालीने त्यांना विचारले, काही ऐकू येते का.

"काहून नाही? टाळ वाजून राहिले न. मले गेटापासून आयकू आले, बाबाजी."

मी दुसरा कान टेकविला.

र. भा. हळू बोलले. "भाऊ, खरंच नाही येत?"

मी म्हणालो, दुसऱ्या बनावटीचा कंडेन्सर पाहावा लागेल. ते हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाले. मग पत्र टेबलावर ठेवले आणि वैशालीकडे चहा मागितला. मी लिहिलेले मीच फाडावे, ते फाडणार नाहीत, एवढेच बोलले.

र. भा. चारच्या गाडीने गेले. पत्र टेबलावर आहे. मी त्यावर मीटर ठेवले आहे, उडू नये म्हणून.

समक्ष हजर: १) रशीदभाई, अकोला. २) सौ. वैशाली, सून. ३) शांताबाई, भाजीवाल्या. टाळ वाजत होते, असे तिघांचेही म्हणणे. माझे म्हणणे