गोलूच्या लग्नाची सुट्टी

मायले खुशबूचा आसामातून नमस्कार.

मी बरी आहो. पूर ओसरला. छावणीतली पाणी साफ करायची मशीन नीट चालून राहिली.

काल आम्हा टेक्निशियन लोकाईचं वर्षाचं काम तपासलं. सरनं साऱ्याईसमोर वाचलं, "खुशबूनं पुरात एकही सुट्टी घेतली नाही." टाळ्या वाजल्या. मले मान वर करता आली नाही. भावाच्या लग्नाले सुट्टी मागितली असती तर भेटली असती, माय. मी मागितलीच नाही.

मग सरनं विचारलं, "कुठं कमी पडली?"

मी म्हटलं, "कुठंच नाही."

बाबाचा खोकला कसा आहे? अन् गोलूच्या मागं करवलीचा कलश घेऊन कोण उभी होती? फोनवर विचारायची हिंमत झाली नाही.

तुझीच,
खुशबू