बाबांचा अबोला आणि कर्नेलची डुलकी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी, की हे लिहिताना मी खरोखरच टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात पालथा पडलो आहे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, बाकी क्षेम काही नाही. रविवारपासून तू फोन उचलत नाहीस, निरोप उघडत नाहीस, म्हणून हा कागदाचा उद्योग.

आधी मुद्द्याचं. बाबा तुझ्यावर रुसलेले नाहीत. तू फोनवर विचारलंस की माझ्याकडे राहायला येताय की नाही, एकदाच काय ते सांगा, आणि इकडून शब्द नाही. तू थांबलीस, हॅलो हॅलो केलंस आणि रडत फोन ठेवलास. बाबा मात्र उत्तर टाइप करून कळ दाबत बसले होते. घशाच्या ऑपरेशननंतर ते ज्या संगणकातून बोलतात, त्याचीच वाचा बसली होती. आदल्या दिवशी त्यात आपोआप नवा कर्नेल बसला. (कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी; पडदा, कळफलक, आवाजाची चिप, सगळ्यांना तोच कामाला लावतो. नवा कारभारी आला की जुनी माणसं कशी बिथरतात, हे तुझ्या कचेरीत तू पाहिलंच आहेस.) ताईला काय उत्तर लिहिलंय ते मला दाखवा म्हटलं, तर हातानेच नाही म्हणाले. ते तुलाच सांगायचं होतं. त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत, नुसते फोनकडे बघत बसतात, आणि मला पुढच्या रविवारच्या फोनची धडकी भरली.

मी म्हटलं, हात्तिच्या, ऑफिसातले संगणक सांभाळण्यावरच तर माझं पोट! जुन्या आणि नव्या कर्नेलमध्ये हजारो बारीक बदल असतात. त्यातला चोर शोधायची रीत अशी: बरोबर मधला बदल घ्यायचा, तिथपर्यंतचा कर्नेल बसवायचा आणि संगणक बोलतो का बघायचं. बोलला तर चोर पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. मग त्या अर्ध्याचं अर्धं. दर खेपेला कर्नेल तयार व्हायला इतका वेळ लागतो, की तेवढ्यात तुझी भावजय स्वयंपाक, आवराआवर आणि माझा उद्धार, तिन्ही उरकते. मी बसवायचो, 'ऐकू येतंय का' असं टाइप करायचो, संगणक ठणठणीत बोलायचा. पुढचाही बोलला. त्याच्या पुढचाही. शेवटी ज्याने हा सगळा घोळ घातला तो अगदी नवा कर्नेलसुद्धा माझ्यापुढे पोपटासारखा बोलला, आणि बाबा बसले की मिठाची गुळणी!

ताई, तिथे माझं डोकं फिरलं. मी बाबांवर ओरडलो. तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबताय, म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा खिशात घातला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर ओरडलो, याची फार लाज वाटली. (लाजत बसायला मात्र मिळालं नाही, कारण तुझी भावजय म्हणाली, "आता जा आणि त्यांना घेऊन या.")

त्यांना आणून बसवलं आणि या वेळी तोंड मिटून नुसता बघत राहिलो. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस तो. एका बोटाने वाक्य लिहिलं. वाचलं. स्वल्पविराम काढला. चष्मा पुसला. स्वल्पविराम परत घातला. तेवढ्यात स्पीकरमधून बारीक 'टक्' असा आवाज आला. मग बाबांनी कळ दाबली, आणि काही नाही. मी स्पीकर बघायला टेबलाखाली वाकलो आणि ताडकन उठलो. (टेबल डोक्याला लागलं.) ते 'टक्' म्हणजे आवाजाची चिप झोपल्याची खूण! वीज वाचवायला कुणा शहाण्याने नवा नियम घातला होता, की थोडा वेळ कुणी बोललं नाही तर चिपला झोपवायचं. आपल्यासारख्या जुन्या चिपला परत उठवायचं कसं, ते मात्र राहून गेलं. मी धडाधड टाइप करतो, मग ती झोपणार कधी? आपल्या घरात बोलण्याआधी विचार करणारा माणूस एकच, म्हणून बिघाडही त्या एकालाच. माझ्या आजवरच्या सगळ्या तपासावर पाणी पडलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला दर वेळी आधी चष्मा पुसला. (मला चष्मा नाही. बाबांचा पुसला.) चोर सापडला, तो नियम बंद केला. बाबा बसले, सावकाश लिहिलं, वाचलं, कळ दाबली आणि संगणक खणखणीत बोलला, "मी काही चुकीचं दाबत नव्हतो."

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. रविवारी फोन कर. काही विचारलंस की थांब, हॅलो हॅलो करू नकोस. ते स्वल्पविराम बघत असतील.

ता. क. पुन्हा: तुला द्यायच्या उत्तराची बाबांनी संगणकावर रंगीत तालीम केली, ती मी दाराआडून ऐकली. "येतो, पण धाकट्याला एकट्याला जमेल का, ते आधी बघतो."

ता. क. शेवटचा आणि खरा: मला नाही जमणार. हा आठवडा घर गप्प होतं, तेवढं पुरे झालं. त्यांना नेऊ नकोस ताई, तूच इकडे राहायला लवकर ये. (पत्र बाबांनी तपासलंय. स्वल्पविरामांना हात लावला नाही. 'लवकर' हा शब्द तेवढा त्यांनी घातलाय.)