काळनौकेचा चौथा भाग

५ जानेवारी
सापडली! ‘काळनौका’ सापडली — नातीच्या, पायलच्या मोबाइलमध्ये! चाळीस वर्षांपूर्वी दर रविवारी ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर अख्खं गाव बसायचं ती मालिका. म्हातारा शास्त्रज्ञ अन् त्याची नात नौकेत बसून भूतकाळात जातात. पहिलीच सफर गोंड राजाच्या काळातली, इरई नदीच्या पुरातली, चार भागांची. आज बघितलं तर किल्ला पुठ्ठ्याचा, वाऱ्याने हलतो. पूर म्हणजे परातीतलं पाणी! तरी काटा आला अंगावर. चौथीतली कविता दिसावी अन् चाल आपोआप ओठांवर यावी, तसं झालं.

६ जानेवारी
तीन भाग पाहिले. पुरात नावाडी बुडणार, हे मालिकेतल्या नातीला आधीच ठाऊक. आजोबा म्हणतात, घडलेलं बदलायचं नाही. ती रडते. मीही. गोकुळा, माझी बायको, शेजारी बसून वाल सोलत होती. मान वर केली नाही.
चौथा भाग नाही. टेपच पुसली गेली म्हणे.

७ जानेवारी
जुन्या मालिका जमवणारी मंडळी आहेत कुठे कुठे. चौथा भाग पाहिलेला माणूस त्यांना हवाय. पायल म्हणाली, “आबाजी, तो माणूस तुमीच तं हाव!”
माझा जुना विद्यार्थी सुकलू आला. त्याने शेवट कवितेसारखा म्हणून दाखवला — नात आदल्या रात्री नाव लपवते, नावाड्याला पुरात जाताच येत नाही, तो वाचतो. गावाला पाठ आहे. मीच सांगितलेला. त्याच उन्हाळ्यात वरोऱ्याला मुलगी पाहायला गेलो, तिथेही सांगितला. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. तीच गोकुळा.
पायल परवा हा शेवट पत्रातून त्या मंडळींना पाठवणार, माझ्या नावानिशी.

८ जानेवारी
पायलला दोनदा हाक मारली, अन् दोन्ही वेळा चहाच मागितला.

९ जानेवारी
पाठवायच्या आधी सांगून टाकलं. त्या रविवारी ऐन चौथ्या भागाला लाइट गेली. पोरं रडवेली. मी भाग पाहायला सायकल हाणत वडशाला गेलो — तिथेही लाइट नाही! परतलो तर पोरं शाळेच्या ओट्यावर तशीच बसलेली. सायकल टेकवली अन् शेवट रचला. पुढे सांगता सांगता रचलाय हे मीच विसरत गेलो.
पायल पोट धरून हसली. पत्र नव्याने लिहिलं : आमच्याकडे चौथा भाग कोणीच पाहिलेला नाही.

१० जानेवारी
सकाळी चहा ठेवता ठेवता गोकुळा म्हणाली, “कोणीच नाई पाह्यला असं काऊन लिवलं? मी पाह्यला. वरोऱ्याले होती लाइट.”
शेवट विचारला. नावाडी बुडतो. नात काठावर उभी. संपलं.
मग इतकी वर्षं बोलली का नाही?
“माहा बाप वर्धेवर नाव चालवे. तो नावाडी बुडला, दोन दिस जेवली नाई मी. मंग तुमी आले, अन् वाचवलं त्याले. म्हणून तं हो म्हणलं तुमाले.”