गाढवाच्या कानांची टोपी

आई, तू स्टुटगार्टला येऊन तीन महिने राहिलीस, तेव्हाची एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण माझ्या पोटातलं काही निवलेलं नाही.

माझ्या इन्स्टिट्यूटमधली ती कोल्हापूरची मुलगी आठवते ना? आम्ही दोघींनी पीएचडीला एकत्र सुरुवात केली आणि ती माझ्या दोन वर्षं आधी संपवून मोकळी झाली. ते मी कसंबसं गिळलं असतं. पण त्सुफेनहाउझेन भागातल्या माझ्या घराच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात ती "काकू, काकू" करत येऊन बसायची आणि तू तिच्या ताटात पहिली गरम पोळी वाढायचीस. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचीस, "अगं, तिला आई नाही." मला होती, म्हणून काय वाटून टाकायची? मी जळत होते, आई. सरळ सांगते, नुसती जळत होते.

तिची परीक्षा जवळ आली. इकडे डॉक्टर होणाऱ्यासाठी सहकारी टोपी बनवतात, तिच्यावर कामाच्या आणि थट्टेच्या वस्तू चिकटवतात, आणि परीक्षा झाली की सगळ्यांसमोर डोक्यावर चढवतात. तू आयुष्यभर लोकांचे ब्लाउज शिवलेले, म्हणून ते काम तुझ्याकडे आलं. कॉफीच्या टेबलाशी आमचा एक जर्मन सहकारी तुला त्याच्या भाषेत समजावतोय. ही ज्या प्रयोगाला हात लावते तो यशस्वी होतो, आल्झो, म्हणजे थोडक्यात, ही आमची मिडास राजा! ग्रीकांचा तो राजा, ज्याचा हात लागेल ते सोनं व्हायचं. म्हणून टोपीला सोनेरी मुकुट हवा. तू माझ्याकडे बघतेस. "काय म्हणतोय गं?"

मुकुटाचा शब्द माझ्या तोंडातून निघेना. त्याच राजाची दुसरी गोष्ट मी तुला सांगितली. गाण्याच्या स्पर्धेत त्याने चुकीचा कौल दिला, देवाने चिडून त्याला गाढवाचे कान दिले, आणि ते तो जन्मभर टोपीखाली लपवत राहिला. "कान हवेत म्हणे," मी म्हटलं.

"डॉक्टर झालेल्या पोरीला गाढवाचे कान?"

"इथे अशीच थट्टा करतात."

तू डोक्याभोवती बोट फिरवलंस. "त्याने हात तर डोक्याभोवती असा गोल फिरवला."

"हातवारे करतातच हे लोक."

तू माझ्यासाठी आणलेला राखाडी सिल्कचा ब्लाउजपीस काढलास आणि त्याचेच कान कापलेस. तोसुद्धा तिलाच गेला. तिला आधी कळायला नको, म्हणून टेप माझ्या डोक्याला लावलीस. "हलू नकोस," म्हणालीस, "दोघींची डोकी सारखीच असतील."

तिची फजिती होईल, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. टोपी बघून तो सहकारी टेबलावर थापा मारत ओरडला, "गेनाऊ! हेच ते! मिडासचे कान!" प्रोफेसर डोळे पुसेपर्यंत हसले. तिच्या दाट केसांवर टोपी बसेना, तरी चार पिना खोचून ती दिवसभर तशीच हिंडली, ट्राममध्येसुद्धा. संध्याकाळी तुझ्या गळ्यात पडून रडली. तू तिच्या पाठीवरून हात फिरवत होतीस आणि मी कपबशा विसळत होते.

दोन वर्षांनी मी डॉक्टर झाले तेव्हा तू या जगात नव्हतीस. माझी टोपी लोकांनी पुठ्ठ्याची केली, छान केली. तुझ्या हातचा टाका मात्र तिला नव्हता.

गेल्या आठवड्यात ती फ्रँकफर्टहून आली. "काकूंच्या हातचं आहे, तुझ्याकडेच हवं," म्हणाली आणि ती टोपी माझ्या हातात ठेवली. इतकी वर्षं तिने ती जपली होती, कानाची एक शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. तिला खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि चहा घेणार का, एवढंच विचारलं.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून टोपीच्या अस्तरात ठेवते. मी खोटं बोलले हे तुला तेव्हाच ठाऊक होतं का, ते आता विचारत नाही. ती गेल्यावर आरशासमोर मी टोपी घालून पाहिली. आई, पिन लागली नाही. मला ती अगदी बरोबर बसते.