चुलीचे तीन दगड

९ जानेवारी, गुरुवार

दुपारपासून डोकं जड आहे. सकाळी प्रार्थना चालू असतानाच तहसीलचा शिपाई पत्र घेऊन आला – गायरानावरचं अतिक्रमण काढलं, तिथे बायका आहेत, एक बाई पंच म्हणून पाठवा. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत बाई मी एकटीच.

जीपमधून नेलं. पोचले तेव्हा सगळं उरकलेलं. पारध्यांच्या नऊ झोपड्या आडव्या पडलेल्या, जेसीबी बंद, ड्रायव्हर सावलीत डबा खात बसलेला. एका हवालदाराच्या डोक्याला पट्टी. पंचनामा लिहून तयार होता. पुंजाजी नावाच्या म्हाताऱ्याने दगड फेकून मारले, तीन दगड जप्त, सर्व पंचांसमक्ष. लिहिणाऱ्या पोलिसाने बोट ठेवून दाखवलं, 'मॅडम, इथं आन् इथं.' दगड पोत्यात भरताना एक निसटला, तो मीच उचलून आत टाकला. पोत्याला बांधायच्या लेबलावर पण सही केली. साडेबाराला वर्गात परत.

हात दोनदा धुतले. नखात काळं राहिलंच आहे.

१० जानेवारी

पाचवीच्या वह्या तपासल्या. बाकी काही नाही.

१२ जानेवारी, रविवार

जलालुद्दीन सरांसाठी करतेय ते भाषांतर काढून बसले. कॉलेजात त्यांनी मला इतिहास शिकवला, आता निवृत्त आहेत आणि जगातल्या लढायांचं एक पुस्तक काढतायत. माझ्या वाट्याला अमेरिकेतले अपाची लोक आणि सरकारी फौज आली आहे. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. एक कोरडी दरी, पहाटेची वेळ, झोपलेला तळ. फौजेच्या अधिकाऱ्याचा अहवाल फार नीटनेटका आहे. आमचा एक जखमी, त्यांचे एकावन्न ठार. मग जप्त मालाची यादी – धनुष्यं, बाण, कातडी, टोपल्या, दळायचे दगड.

दळायचे दगड बाणांच्या पंक्तीला.

तिथेच थांबले. चहा केला आणि प्यायला विसरले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी. सकाळी फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. 'म्या शिवकन्या. पुंजाजीची लेक.'

मग सरळ विचारलं, 'मॅडम, दगड मारले तवा तुमी तिथं व्हत्या का?'

'नव्हते.'

'मंग सही काहून केली?'

तीच बोलत राहिली. आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. 'म्या भाकर थापून राहिले व्हते. चुलीवरला तवा खाली ओढला, चुलीचे दगड काढून पोत्यात भरले. हवालदार त् पत्र्याला धडकला, समद्यांनी पाह्यलं. आता बाप बी जेलात आन् चूल बी जेलात.' आणि चक्क हसली.

पुंजाजीला दमा आहे. सत्तावीस तारखेला जामिनावर सुनावणी. वकील म्हणतो, पंच बाई खरं बोलली तर म्हातारा सुटेल.

माझ्या नवऱ्याने, विकासने, शेजारून आलेले तिळाचे लाडू तिच्या हातावर ठेवले. तिने ते पदरात बांधले. 'बापाला देते मुलाकातीला.'

१५ जानेवारी

विकास म्हणतो, 'तू फक्त सही केली. सगळेच करतात. तेरा वर्षं नोकरी राहिली तुझी, आता काहून उकरून राहिलीस?' तो वाईट नाही. घाबरलाय, आणि बरोबरच घाबरलाय. खोट्या पंचनाम्यावर सही केली असं मी स्वतःच सांगितलं तर चौकशी माझीच होणार.

मी कशाला घाबरले होते? कुणी धमकावलं नव्हतं. धमकावलं असतं तर आज इथे लिहायला कारण तरी असतं. वर्गात पोरं वाट बघत होती, ऊन होतं, जीप निघायच्या घाईत होती – बस, एवढंच. दगड एका अंगाला काळे होते. फेकायला आणलेला दगड एकाच अंगाने काळा कसा असेल? हे तेव्हाच मनात आलं होतं. विचारलं नाही. नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच शंका नको – काजळी मी पाहिली होती.

१९ जानेवारी, रविवार

भाषांतर घेऊन सरांकडे गेले. सरांच्या बायकोने, जैनबबी खालांनी, खिचडी खाऊ घातल्याशिवाय बोलू दिलं नाही. सरांनी चष्मा वर सरकवून मूळ पान आणि माझं पान शेजारी ठेवलं.

'बेटा, एक वाक्य गाळलंस.'

'नजरचुकीने राहिलं असेल, सर.'

'तुझी नजर चुकत नाही. तुझे पेपर तपासलेत मी.'

वाक्य असं होतं – फौजेला दरीची वाट दाखवणारे पगारी वाटाडे अपाचीच होते.

मग सरांना सगळं सांगितलं. कुरुंद्याचं माझं माहेरचं घरही गायरानावरच. बाबा आणि आख्खी बौद्ध वस्ती त्या जागेसाठी किती वर्षं कचेरीच्या पायऱ्या चढली. एकदा पोलीस आले तेव्हा मी चार वर्षांची होते. आई चुलीपुढून उठली नाही, अजून सांगते ती. आणि तिची लेक जीपमध्ये बसून गेली, सही करायला.

सरांनी मूळ पान पुन्हा माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, 'त्या वाटाड्यांचं पुढं काय झालं, वाचलंस का?'

वाचलं होतं. फौजेचं काम संपल्यावर त्यांनाही कैदी म्हणून आगगाडीत बसवलं.

'ते पण लिही,' सर म्हणाले. 'तळटीपेत नको. बराबर मजकुरात.'

२२ जानेवारी

वाक्य घातलं. एका ओळीला अख्खी संध्याकाळ लागली.

२४ जानेवारी, शुक्रवार

वकिलांना कळवलं, बोलते म्हणून. काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, दोन्ही. ते म्हणाले, मी दगड कोर्टात मागवतो, काजळी दिसली की काम झालं.

हेडमास्तरांच्या कानावर घातलं. 'मॅडम, मी तर फक्त पत्र पुढं केलं.' खरं आहे. शिपायानेही पुढंच केलं. मीही कागद सही करून पुढंच केला. म्हातारा तेवढा मागे राहिला.

विकास दोन दिवस बोलत नाहीये. डबा मात्र भरून देतो.

२६ जानेवारी

झेंडावंदन. पोरांना खाऊ वाटला. घरी येऊन पडून राहिले. झोप नाही आणि जागही नाही. दगड तरी आहेत, असं सारखं मनाला सांगतेय.

२७ जानेवारी, सोमवार

पोतं सगळ्यांसमोर उघडलं. तिन्ही दगड घासून धुतलेले. काजळीचा ठिपका नाही. सरकारी वकील माझ्याकडे बघून हसले. शिवकन्याने मान खाली घातली.

न्यायाधीशांनी पोत्याचं लेबल हातात घेतलं, खिडकीकडे धरून पाहिलं, मग माझ्यापुढे केलं. सहीशेजारी अंगठ्याचा काळा ठसा. लेबल धुवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

'ही सही तुमची?'

'होय,' मी म्हटलं. 'आणि ही काजळी त्या दगडांची.'