आधी एकच शॉकअप गळत होता

तीर्थरूप मामांस,

काळ्या हातांचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचे डाग तेलाचे आहेत. साबणाने तीनदा घासूनही हात एवढेच उजळले.) तुमची तब्येत बरी असेल आणि मामींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काहीही नाही.

गॅरेज बंद करताना तुम्ही तुमची स्वतःची मोटारसायकल मला दिलीत आणि "परक्याच्या हातात देऊ नकोस," एवढंच म्हणालात. मी मान डोलावली. मान डोलावणं ही माझी जुनी खोड. (लग्नाच्या वेळीही... पण ते असो, ही शेजारीच बसली आहे.) गेल्या महिन्यात पुढचा डावा शॉकअप गळायला लागला. आधी नळीवर तेलाचं कडं, मग ओघळ. तेल अडवणारं रबरी सील गेलं, हे माझ्यासारख्या ग्रंथपालालाही कळलं. कुठलंही काम पुस्तकात बघून करता येतं, अशी तोवर माझी समजूत होती.

सुटीच्या दिवशी सकाळी इंजिनाखाली विटा रचल्या आणि पुढचं चाक काढलं. इथवर मी स्वतःवर इतका खूश की हिला चहाची ऑर्डर सोडली. मग शॉकअप बाहेर ओढला, वरचं झाकण फिरवलं आणि आतली स्प्रिंग झाकणासकट माझ्या कपाळावर आली. तेल बादलीत ओतायचं होतं. थोडं बादलीत गेलं, बाकीचं पायपुसण्याने पिऊन टाकलं. खालचा बोल्ट सोडवावा तर तो नुसताच गरगर फिरे, कारण आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरत होता. शेवटी हिने वरून झाडूचा दांडा आत कोंबून घट्ट धरला आणि मी खालून पाना फिरवला. अकरा वर्षांच्या संसारात आम्ही एकाच गोष्टीची दोन टोकं धरून उलट दिशांना एवढा जोर कधी लावला नव्हता. (म्हणजे उघडपणे.)

जुनं सील काही जागचं हलेना. चमचा वाकला, स्क्रूड्रायव्हर वाकला, मी तर आधीपासूनच वाकलेला होतो. ते निघाल्यावर नवं सील पाइपचा तुकडा वर ठेवून ठोकून बसवलं. सीलची जोडीच आणली होती, तेव्हा उजव्यावर अन्याय कशाला, म्हणून तो धडधाकट शॉकअपही उघडला. मामा, त्या क्षणी कोणीतरी माझ्या थोबाडीत द्यायला हवी होती.

दुपारी चारला गाडी चाकांवर उभी राहिली. ही कौतुकाने मागे बसली. कोपऱ्यावर मी ब्रेक दाबला, पण ब्रेकवर तेल उतरलेलं. गाडी थांबण्याचा विचारही मनात न आणता शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरली. खरचटलं कोणालाच नाही. चादरींविषयी न बोललेलं बरं. हिने चादरीतून डोकं बाहेर काढलं, दोन्ही नळ्यांकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "आधी एकाच बाजूने गळत होतं ना?"

दोन्ही सीलं मी उलटी बसवली होती. पुस्तकात तसा इशारा होता, पण तेलाने ती दोन पानं एकमेकांना चिकटली होती.

त्यानंतर चार दिवस मी पायीच कामावर गेलो. जाता-येता गाडीकडे बघवेना. चाळीस वर्षं तुम्ही जिला ओरखडा पडू दिला नाही, तिची मी एका दिवसात ही दशा केली. जेवणावरची वासना उडाली आहे.

आपला,
मान वर करायची सोय न राहिलेला
भाचा

ता. क. गाडी आता उत्तम आहे. पाचव्या दिवशी ढकलत नाक्यावरच्या मेस्त्रीकडे नेली. हा तुमच्याच हाताखाली शिकलेला, तुम्हाला गुरू मानणारा. त्याने सीलं पाहिली आणि विचारलं, "हे कोणी बसवलं?" मामा, भोवती चार माणसं उभी होती. माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं.

पुन्हा ता. क. मग त्याने निमूटपणे दोन्ही सीलं बदलली, बाहीने डोळे पुसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बाहेर कुणाला सांगू नका." रविवारी तो तुम्हाला भेटायला येतो आहे. पाया पडतो, मामा. तो बसलेला असेपर्यंत हातातला चहाचा कप जरा थरथरू द्या.