मानाची साडी

आई,

तुझा मुलगा गेल्या रविवारी माझ्याकडे येऊन गेला. बायकोला घेऊन, पेढे घेऊन आणि एक साडी घेऊन. राजारामपुरीतल्या या फ्लॅटवर तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता, त्यामुळे पेढे पाहूनच मी सावध झाले. "ताई, तुझ्यासारखी बहीण सात जन्म हुडकून मिळायची न्हाय," अशी सुरुवात झाली. चहा होईपर्यंत खरं काय ते कळलं. गडमुडशिंगीच्या बाबांच्या रानाचे प्लॉट पाडायचे आहेत आणि सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर माझंही नाव आहे. मी हक्क सोडल्याची सही द्यायची आणि ही मानाची साडी घ्यायची.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी आम्हाला 'कॉम्प्लिमेंटरी' हा शब्द शिकवला होता. कौतुकाच्या बोलण्याला लावतात, तसाच फुकट दिलेल्या वस्तूलाही लावतात, असं त्या म्हणाल्या. ह्याला मराठीत काय म्हणायचं, म्हणून मी तुला विचारलं. तू भाकरी थापत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "मानाचं म्हण की. मानाचा नारळ, मानाचं पान. पैसं घेत न्हाईत, वर चार चांगलं शब्द बोलत्यात." अर्थ बरोबर होता. वापर मात्र मी तुझ्यावरून शिकले.

त्याच उन्हाळ्यात मामांनी तुला कचेरीत नेलं आणि सुट्टी म्हणून मी बरोबर आले. तुझ्या वडिलांच्या नृसिंहवाडीकडच्या काळ्या रानावरचा तुझा हक्क तू एका सहीत सोडलास. बाहेर आल्यावर मोठे मामा चारचौघांत म्हणाले, "आमची आक्का म्हंजे देवमाणूस." तू लाजून पदर सारखा केलास. मानाची साडी मिळाली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग बादलीभर उतरला, तरी तू "रंग गेला, पण पोत बरा हाय" म्हणालीस. अशा साड्यांचा गठ्ठाच दुकानात वेगळा असतो, आई. दुकानदार आधी विचारतो, "नेसायची दाखवू का द्यायची?" पुढे बाबा गेले. वर्षश्राद्धापर्यंत माहेरी राहते म्हणून तू आम्हाला घेऊन गेलीस. आठवड्यात मामींनी तुझी ओटी भरायचं टाळून हातात आणखी एक साडी ठेवली आणि एसटी स्टँडवर सोडायला गाडी जुंपली. साडी दिली म्हणजे निघायचं, हे तुला सांगावं लागलं नाही. मला तेव्हापासून 'मानाची' या शब्दाची शिसारी आहे.

म्हणून रविवारी मी वहिनीलाच विचारलं, "दुकानात गेल्यावर नेसायची मागितलीस का द्यायची?" ती गोरीमोरी झाली. "वन्सं, कलर आवडला नसंल तर बदलून आणतो की," म्हणाली. भाऊ चिडला. "ताई, तुला पेन्शन हाय, फ्लॅट हाय. गावातल्या कुठल्या बहिणीनं वाटा मागितलाय?"

"त्यांना कुणी विचारलंय?"

"इंग्लिश शाळेत घातल्याचा ह्यो परिणाम. आई असती तर लाज वाटली असती तिला."

"आईनंच घातलं होतं. आणि आईनं सही केली होती, तिला काय मिळालं ते मी बघितलंय. मला अर्धा वाटा पाहिजे."

"मग माहेर तुटलं म्हणून समज," म्हणाला आणि उठला. साडी वहिनीनं न सांगता परत पिशवीत घातली. पेढे राहिले, ते मी कामवाल्या बाईंना दिले.

तू माझ्या बाजूनं उभी राहिली असतीस, असं मला वाटत नाही. "दे की सोडून, भाऊ हाय," असंच म्हणाली असतीस, आणि त्याचाही मला राग आहे. देवमाणूस म्हणवून घेण्याची तुला गोडी लागली होती. ती तुला परवडणारी नव्हती.

आता वकिलांकडे जायचं आहे. पण त्यांना जे सांगणार नाही ते तुला लिहिते, कारण हा कागद कुठे जाणार नाही. मला ते रान नको आहे. त्यानं येऊन नुसतं एवढं विचारलं असतं, "ताई, निम्मं तुझं आहे, तुझा काय विचार?" तर मी त्याच दिवशी सही दिली असती. फुकट.